कॅम बदलला तर ब्रेक का बिघडतात?

परफॉर्मन्स कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडमिट करणारा दांडा, थोडक्यात कॅम) टाकला आणि आता थांबताना गाडी बंद पडते, वर ब्रेकही लागत नाहीत नीट, असं कोणी म्हटलं की सल्ले सुरू होतात, इंजिनासाठी प्लग बदल, ब्रेकसाठी पॅड बदल. पण पेडल जर कडक लागत असेल तर बहुतेक वेळा ही दोन दुखणी नसतातच, मूळ एकच, व्हॅक्यूम कमी पडतोय. (पेडल स्पंजसारखं दबत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे ब्रेक लाइनमध्ये हवा शिरलेली असू शकते.)

पेट्रोल इंजिन आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू) असतं तेव्हा थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळपास बंद असतो, पण पिस्टन खाली जाताना हवा ओढतच राहतो, म्हणून मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब बराच खाली येतो, हाच व्हॅक्यूम. कंपनीच्या कॅमवर व्हॅक्यूम गेज साधारण 18 ते 20 इंच पारा दाखवतो.

आता खरी गंमत. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद व्हायच्या आधीच इनटेक उघडतो, थोडा वेळ दोन्ही उघडे, याला ओव्हरलॅप म्हणतात. परफॉर्मन्स कॅममध्ये हा वेळ मुद्दाम वाढवलेला असतो, कारण जास्त आरपीएमला बाहेर पळणारा धूर स्वतःच्या वेगाने ताजी हवा आपल्या मागोमाग आत ओढून घेतो, सिलिंडर जास्त भरतो. आयडलला मात्र तो वेगच नसतो, आणि एक्झॉस्टचा दाब मॅनिफोल्डपेक्षा जास्त, मग जळालेला धूर उलटा इनटेकमध्ये घुसतो. शिवाय इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो म्हणून वर येणारा पिस्टन हवा-पेट्रोलचं थोडं मिश्रण परत ढकलतो ते वेगळंच. व्हॅक्यूम पडतो, मिश्रणात जळालेला वायू मिसळतो, इंजिन धडधडतं आणि आरपीएम जरा खाली गेला की बंद. लोकांना ही धडधड म्हणजे ताकदीचा आवाज वाटतो!

ब्रेक बूस्टर, म्हणजे पेडलला जोर पुरवणारा डबा, चालतो याच व्हॅक्यूमवर. त्याच्या आतल्या डायफ्रॅमच्या (रबरी पडद्याच्या) एका बाजूला व्हॅक्यूम, पेडल दाबलं की दुसरीकडे बाहेरची हवा, या फरकाचा धक्का ब्रेकला मिळतो. 25 सेंमी व्यासाचा डायफ्रॅम धरा, क्षेत्रफळ सुमारे 490 चौरस सेंमी, 18 इंचाला जास्तीत जास्त मदत 300 किलोच्या आसपास, 9 इंचाला निम्मीच. उरलेलं सगळं तुमच्या पायावर.

तपासायचं कसं? इंजिन बंद करून पेडल चारपाच वेळा दाबा, मग दाबून धरून स्टार्टर मारा, पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. मग गाडी उभी असतानाच बूस्टरचा होज काढून मॅनिफोल्डकडचं तोंड बुजवा, आयडल सुधारला तर डायफ्रॅम किंवा होज गळतोय, हवा आत जाऊन मिश्रण पातळ होतंय. (होज परत लावल्याशिवाय गाडी हलवू नका.) गळती नसेल तर आयडल आरपीएम थोडा वाढवा, ठिणगीचं टायमिंग बघा, आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) असेल तर नव्या कॅमप्रमाणे ट्यून करून घ्या, कारण पडलेला व्हॅक्यूम बघून त्याला इंजिनवर लोड आलाय असं वाटतं आणि तो पेट्रोल वाढवतो.

काहीजण व्हॅक्यूमची टाकी लावतात. टाकी फक्त साठवते, तयार काहीच करत नाही, ॲक्सिलरेटर सोडल्यावर जो व्हॅक्यूम वाढतो तेवढाच तिच्यात राहतो, ट्रॅफिकमध्ये दोनतीनदा ब्रेक मारले की ती संपते. इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप हा त्याहून पक्का उपाय. डिझेल गाड्यांना हे कधी नवीन नव्हतंच, त्यांच्या इंजिनात हवा अशी थ्रॉटलने कोंडत नाहीत, मग व्हॅक्यूम येणार कुठून, म्हणून पंप कंपनीतूनच बसवलेला असतो.