शंभरपर्यंत म्हणता येते, पण तीन देता येतात का?

जूनच्या मध्यावर बालवर्ग भरू लागतात आणि पुढच्या काही आठवड्यांतच पालकांची एक तक्रार कानी येते: मुलाला घरी शंभरपर्यंत अंक म्हणता येतात, मग शाळेत अजून चिंचोके आणि मणीच का हाताळायला देतात? या तक्रारीमागची समजूत तपासून पाहिली पाहिजे, कारण अंक म्हणणे आणि वस्तू मोजणे ही दोन निरनिराळी कौशल्ये आहेत.

तीन वर्षांच्या मुलापुढे दहा-बारा चिंचोके ठेवून ‘मला तीन दे’ असे सांगितले, तर दहापर्यंत न अडखळता म्हणणारी पुष्कळ मुलेही मूठभर चिंचोके उचलून हातावर ठेवतात. मानसशास्त्रज्ञ करेन विन यांनी १९९०च्या सुमारास हीच चाचणी पद्धतशीरपणे वापरली, तेव्हा एक विलक्षण क्रम दिसून आला. मुलाला आधी फक्त ‘एक’ कळतो; दुसरी कोणतीही संख्या मागितली, तरी ते अंदाजाने मूठ भरते. काही महिन्यांनी ‘दोन’ कळतो, आणखी काही महिन्यांनी ‘तीन’. त्यानंतर मात्र चार, पाच, सहा असे एकेक शिकावे लागत नाही. साधारण साडेतीन ते चार वर्षांच्या दरम्यान, कधी थोडे उशिरा, मुलाला मोजणीचे तत्त्वच उमगते आणि ते मागाल तितक्या वस्तू मोजून देऊ लागते.

ही उडी कशी घडते, हा मला बालशिक्षणातील सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो. निसर्गाने बाळाला संख्येची जाण दोन प्रकारे दिलेली आहे. तीनपर्यंतच्या वस्तू ते नेमकेपणाने ध्यानात ठेवू शकते. त्यापुढे त्याला केवळ ढोबळ अंदाज करता येतो, आणि हा अंदाज फरकावर नव्हे, तर गुणोत्तरावर अवलंबून असतो. सहा महिन्यांच्या बाळांना ८ आणि १६ ठिपक्यांतील भेद जाणवतो, पण ८ आणि १२ यांतील जाणवत नाही, असे प्रयोगांत आढळले आहे. म्हणजे नेमके ‘सात’ या दोहोंपैकी कशानेही हाती लागत नाही. त्यासाठी बडबडगीताच्या ओळींसारखी पाठ झालेली अंकांची माळ वस्तूंना जोडावी लागते. मानसशास्त्रज्ञ गेलमन आणि गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये या जोडणीचे नियम मांडले: प्रत्येक वस्तूला एकच अंक, अंकांचा क्रम कायम, आणि शेवटी उच्चारलेला अंक म्हणजे संपूर्ण समूहाची संख्या. यांपैकी शेवटचा नियम सर्वांत अवघड आहे. पाच मणी मोजून झाल्यावर ‘मग किती झाले?’ असे विचारले की अनेक मुले उत्तर न देता पुन्हा ‘एक, दोन...’ सुरू करतात. त्यांच्या दृष्टीने ‘पाच’ हे शेवटच्या मण्याला मिळालेले नाव असते.

म्हणूनच पहिल्या आठवड्यांत ताई प्रत्येक मुलापुढे एकेक वाटी ठेवायला सांगतात, मोजलेला मणी दुसऱ्या बाजूला सरकवायला लावतात, आणि मोजून झालेल्या मण्यांवर हात झाकून ‘किती?’ असे विचारतात. हात झाकल्यामुळे पुन्हा मोजण्याची वाट बंद होते आणि मुलाला शेवटच्या अंकाकडे वळावे लागते. १९४५ मध्ये बोर्डीत काम सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी परिसरातील साध्या वस्तूंनाच शिक्षणाचे साधन केले, ते या दृष्टीने अगदी योग्य होते.

याउलट ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’सारखे वर्ग डोळे बांधून वाचायला शिकवण्याचे आणि बुद्धी तल्लख करण्याचे दावे करतात. मध्यमेंदू असा ‘जागा’ करता येतो, याला कोणताही वैज्ञानिक आधार नाही. ती मुले पट्टीच्या खालच्या, नाकाजवळच्या फटीतून पाहत असतात, आणि मुलांना अशी लबाडी शिकवणे मला अक्षम्य वाटते.

मागाल तितके मणी देता आले, तरी बेरजेची घाई करू नये. पाच मणी असलेल्या डबीत आणखी एक टाकला, तर न मोजता ‘सहा’ म्हणणे अनेक मुलांना त्यानंतरही बराच काळ जमत नाही. माळेतील पुढचा अंक म्हणजे नेमकी एक वस्तू जास्त, हे त्यांना अजून कळायचे असते, आणि ते कळण्यासाठी डबीत एकेक मणी टाकून पाहण्याचा खेळ पुष्कळ वेळा खेळावा लागतो.