नर कुत्र्याची नसबंदी

पूर्ण भूल देऊन नर कुत्र्याची दोन्ही वृषणे काढून टाकण्याची शस्त्रक्रिया. पुरुषाच्या नसबंदीत फक्त शुक्रवाहिनी बंद करतात. कुत्र्यात मात्र टेस्टोस्टेरॉन या नर संप्रेरकाचा मुख्य स्रोतच जातो. त्यामुळे प्रश्न पिल्लांपुरता राहत नाही. हाडे, वजन आणि स्वभाव यांवरही परिणाम होतो.

वयाचा विचार सर्वांत महत्त्वाचा. वाढत्या हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा थर असतो आणि तो वेळेवर पक्का होण्यास लैंगिक संप्रेरके लागतात. ती लवकर थांबली की पायांची हाडे अधिक काळ वाढत राहतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ मध्ये गोल्डन रिट्रीव्हरच्या आणि २०२० मध्ये ३५ जातींच्या नोंदी तपासल्या. वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या अनेक मोठ्या जातींत खुब्याचे आणि गुडघ्याचे विकार जास्त आढळले. लहान जातींत बहुधा तसे दिसले नाही. म्हणून पग किंवा पामेरियनची नसबंदी सहा महिन्यांनंतर करता येते. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड यांची वाढ पूर्ण होईपर्यंत, साधारण एक ते दोन वर्षे, थांबावे. घरात राहणाऱ्या आणि बाहेर साखळीनेच फिरणाऱ्या मोठ्या कुत्र्याबाबत घाई करण्याचे काहीच कारण नसते.

नसबंदीने वृषणाचा कर्करोग टळतो आणि उतारवयातील प्रोस्टेट या मूत्रमार्गाभोवतीच्या ग्रंथीची साधी वाढ थांबते. प्रोस्टेटचा कर्करोग मात्र टळत नाही. एखादे वृषण पोटातच राहिले असेल, तर त्यात गाठ होण्याचा धोका जास्त असल्याने शस्त्रक्रिया करावीच.

माजावर आलेल्या कुत्रीच्या वासाने पळून जाणे, घरात जागोजागी मुतणे, अंगावर चढणे हे बरेच कमी होते. भीतीपोटी चावणारा कुत्रा मात्र त्याने सुधारत नाही, कधी अधिकच बिथरतो. अशा कुत्र्याला आधी प्रशिक्षण आणि धीर द्यावा.

भटक्या कुत्र्यांचे गणित वेगळे. पकडलेला कुत्रा पुन्हा हाती लागेलच असे नसते, त्यामुळे हाडांसाठी थांबणे परवडत नाही. भारतात प्राणी जन्म नियंत्रण नियम २००१ मध्ये आले, २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. नसबंदीसोबत रेबीजची लस देणे हा त्यांचा गाभा आहे.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे शुक्राणू शिल्लक असू शकतात, म्हणून नराला कुत्रीपासून दूर ठेवावे. टाके चाटू नयेत यासाठी गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर घालतात. भूक वाढते आणि ऊर्जेची गरज घटते, तेव्हा खाणे मोजूनच द्यावे.