कोरोना आणि गरोदरपण : शंभर वर्षांपूर्वीच नोंदलेला धोका

१९१९ साली जॉन हॅरिस या अमेरिकी डॉक्टरांनी फ्लूच्या महासाथीत सापडलेल्या १,३५० गरोदर स्त्रियांची माहिती गोळा करून प्रसिद्ध केली. त्यांतल्या साधारण निम्म्या जणींना न्यूमोनिया झाला होता, आणि न्यूमोनिया झालेल्यांपैकी सुमारे निम्म्या दगावल्या होत्या. एकूण मृत्यूंचे प्रमाण २७ टक्के होते. न्यूमोनिया झालेल्यांपैकी जवळपास निम्म्या जणींचे गरोदरपणही अर्ध्यावरच संपले होते.

१९५७च्या फ्लूच्या साथीत अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मूल होण्याच्या वयातल्या ज्या स्त्रिया मरण पावल्या, त्यांतल्या निम्म्या गरोदर होत्या. २००९च्या स्वाइन फ्लूतही हेच दिसले. अमेरिकेच्या लोकसंख्येत गरोदर स्त्रिया सुमारे १ टक्का, पण त्या साथीच्या मृत्यूंमध्ये त्यांचा वाटा ५ टक्के. म्हणून २०२०च्या सुरुवातीला ‘गरोदर स्त्रियांबद्दल पुरेशी माहिती नाही’ असे जे सांगितले जात होते, ते नव्या विषाणूपुरते खरे होते. श्वसनाची मोठी साथ गरोदर बाईला जास्त छळते, हे मात्र जुनेच ज्ञान होते.

असे का होते, हे शरीराकडे पाहिले की कळते. गर्भाशय वाढत जाते तसा छातीखालचा पडदा सुमारे चार सेंटिमीटर वर ढकलला जातो. श्वास सोडल्यावर फुप्फुसात जी हवा शिल्लक राहते ती घटते, आणि ऑक्सिजनची गरज मात्र सुमारे २० टक्क्यांनी वाढलेली असते. म्हणजे गंगाजळी कमी आणि खर्च जास्त. अशा बाईला न्यूमोनिया झाला की ऑक्सिजन फार झपाट्याने उतरतो. हृदयावर आधीच जास्तीच्या रक्ताचा भार असतो. प्रसूतीच्या वेळी रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून या काळात रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढलेली असते, आणि कोरोनाही नेमका रक्ताच्या गुठळ्या करणारा आजार निघाला.

कोरोना कुळातल्या विषाणूंनी याची चुणूक आधी दाखवली होती. २००३मध्ये सार्सच्या साथीत हाँगकाँगमधल्या १२ गरोदर रुग्णांपैकी तिघी मरण पावल्या. पहिल्या तिमाहीत आजारी पडलेल्या सात जणींपैकी चौघींचा गर्भपात झाला. २०१२पासून दिसू लागलेल्या मर्समध्ये गरोदर रुग्ण मोजक्याच नोंदल्या गेल्या, पण त्यांतही माता आणि बाळे दगावली.

मग वुहान. फेब्रुवारी २०२०मध्ये तिथल्या नऊ गरोदर स्त्रियांची माहिती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. सगळ्या शेवटच्या तिमाहीतल्या, सगळ्यांचे सिझेरियन झालेले, कोणी दगावलेली नाही. त्यांतल्या सहा जणींचे गर्भजल, नाळेतले रक्त आणि दूध तपासले, तेव्हा त्यांत विषाणू सापडला नाही. जगभर लोकांना हायसे वाटले आणि ते स्वाभाविकही होते. पण आज मागे वळून पाहताना एक गोष्ट मला सतत खुपते. त्या महिन्यांत सगळ्यांच्या तोंडी प्रश्न होता तो बाळाला लागण होते का, हा. आईच्या जिवाला किती धोका आहे, हा प्रश्न मागे पडला. आणि नऊ जणींवरून त्याचे उत्तर मिळणारही नव्हते.

बाळाच्या काळजीपोटी घेतलेले काही निर्णय बाळंतिणींना फार महागात पडले. चीनमध्ये सुरुवातीला लागण झालेल्या आईपासून बाळाला १४ दिवस वेगळे ठेवण्याचा सल्ला होता, आणि इतर अनेक देशांतल्या रुग्णालयांनीही तोच मार्ग धरला. जागतिक आरोग्य संघटना मात्र सुरुवातीपासून सांगत होती की मास्क लावून, हात धुऊन आईने बाळाला जवळ घ्यावे, अंगावर पाजावे. कित्येक ठिकाणी प्रसूतीच्या वेळी सोबतीला कोणालाही येऊ दिले जात नव्हते. कळा सोसताना हात धरायला आपले माणूस नसणे म्हणजे काय, हे कोणत्याही तक्त्यात मावत नाही.

आईविषयीचे उत्तर हळूहळू हाती आले. जून २०२०मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने सांगितले की लागण झालेल्या गरोदर स्त्रियांना आयसीयूची गरज जास्त लागते, पण मृत्यूचा धोका वाढलेला दिसत नाही. नोव्हेंबरपर्यंत जास्त नोंदी जमल्या आणि चित्र गडद झाले. त्याच वयाच्या गरोदर नसलेल्या रुग्ण स्त्रियांच्या तुलनेत आयसीयू आणि व्हेंटिलेटर लागण्याची शक्यता सुमारे तिप्पट, मृत्यूची १.७ पट. एप्रिल २०२१मध्ये १८ देशांतल्या २,१३० गरोदर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लागण झालेल्या प्रत्येक स्त्रीबरोबर त्याच रुग्णालयातल्या, त्याच सुमारास आलेल्या, लागण नसलेल्या स्त्रियांची तुलना त्यात केली होती, हे त्याचे खरे बळ. लागण झालेल्या गटात १.६ टक्के माता मरण पावल्या होत्या, म्हणजे दुसऱ्या गटाच्या २२ पट. गरोदरपणातला रक्तदाबाचा विकार, प्री-एक्लाम्प्सिया, त्यांच्यात पाऊणपट अधिक आढळला. दिवस भरण्याआधीच्या प्रसूतीही जास्त होत्या.

याच सुमारास वारेचे, म्हणजे बाळाला आईकडून रक्त पुरवणाऱ्या प्लॅसेंटाचे, कोडे उलगडू लागले. विषाणू आईकडून बाळात क्वचितच जातो, पण कधी कधी तो वारेलाच घेरतो. वारेत फायब्रिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचे थर साचतात, दाह होतो, पेशी मरतात आणि बाळाला रक्त पुरेनासे होते. आयर्लंडमध्ये २०२१च्या सुरुवातीला पोटात बाळ दगावण्याच्या काही घटनांमागे हेच कारण सापडले. बाळाला लागण झाली नाही म्हणजे ते सुरक्षित, हा वुहाननंतरचा दिलासा इथे अपुरा पडला. अमेरिकेतल्या १२ लाखांहून अधिक प्रसूतींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मृत जन्माचा धोका लागण झालेल्यांत १.९ पट निघाला. विषाणूचा डेल्टा हा प्रकार पसरण्याआधी तो १.४७ पट होता, डेल्टाच्या काळात चार पट.

तोवर लस आलेली होती, पण ती गरोदर स्त्रियांवर तपासलेली नव्हती. याची मुळे थॅलिडोमाइडपर्यंत जातात. १९५७मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलेले हे औषध गरोदरपणातल्या मळमळीवरही दिले गेले आणि १९६१मध्ये मागे घेईपर्यंत हजारो मुले हातापायांच्या व्यंगांसह जन्मली. औषध गरोदरपणात नीट तपासले गेले नव्हते, हे त्या दुर्घटनेचे मूळ. त्यातून घेतलेला धडा मात्र उलटा ठरला. १९७७मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने मूल होऊ शकणाऱ्या स्त्रियांनाच सुरुवातीच्या चाचण्यांतून दूर ठेवण्याचे धोरण घेतले. १९९३मध्ये ते बदलले, तरी गरोदर स्त्रिया बाहेरच राहिल्या. इबोलाच्या लशीच्या वेळीही तेच झाले. चाचणीतला धोका टळला खरा, पण तोच धोका माहितीविना प्रत्येक गरोदर बाईच्या आणि तिच्या डॉक्टरच्या माथी आला.

डिसेंबर २०२०मध्ये पहिल्या लशींना मंजुरी मिळाली तेव्हा ‘घ्यावी की नाही, तुम्हीच ठरवा’ असा सूर अनेक देशांत होता. जानेवारी २०२१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आधी सावध नकार दिला आणि काही दिवसांतच भाषा सौम्य केली. ब्रिटनने एप्रिलमध्ये, भारताने जुलैमध्ये गरोदर स्त्रियांना लस खुली केली, तर अमेरिकेने ऑगस्टमध्ये स्पष्ट शिफारस केली. तेवढ्या महिन्यांत अफवांना मोकळे रान मिळाले होते. ऑक्टोबर २०२१मध्ये स्कॉटलंडमध्ये बाळंत झालेल्यांपैकी ३२ टक्के स्त्रियांचेच दोन डोस झाले होते. त्याच वयोगटातल्या सर्व स्त्रियांत हे प्रमाण ७७ टक्के होते. तिथे कोरोनामुळे अतिदक्षता विभागात गेलेल्या गरोदर स्त्रियांपैकी ९८ टक्के लस न घेतलेल्या होत्या. या स्त्रियांना हट्टी किंवा अडाणी म्हणणे मला पटत नाही. आधी ‘माहिती नाही’ असे ऐकवून मग ‘आता घ्या’ म्हटल्यावर पोटातल्या जिवासाठी कोणीही थबकेल.

विषाणू शिवलाही नाही, तरी साथीने कित्येकींचे बाळंतपण बिघडवले. नेपाळमधल्या नऊ रुग्णालयांत टाळेबंदीच्या काळात प्रसूतींची संख्या निम्म्याहून खाली आली. मृत जन्म हजारी १४ वरून २१ वर गेले, तर नवजात मृत्यू १३ वरून ४० वर. वाहन नव्हते, रुग्णालयाची भीती होती, आणि तिथे पोचल्यावर माणसे कमी होती. ब्राझीलमध्ये कोरोनाने मरण पावलेल्या १२४ मातांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांतल्या पाचपैकी एकीहून अधिक जणींना आयसीयू मिळालेच नव्हते. अमेरिकेत २०१९मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे २०.१ असलेले मातामृत्यू २०२१मध्ये ३२.९वर पोचले. कृष्णवर्णीय स्त्रियांत तो आकडा ६९.९ होता.

ओमायक्रॉन हा विषाणूचा पुढचा प्रकार आल्यानंतर तीव्र आजार कमी झाला आणि २०२२मध्ये तो अमेरिकी आकडा २२.३वर उतरला. २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येक गरोदरपणात लशीचा एक डोस सुचवला. आईइतकेच कारण बाळाचेही आहे. सहा महिन्यांखालच्या बाळाला लस देता येत नाही, त्याला मिळते ते आईकडून वारेवाटे आलेले संरक्षण. मे २०२५मध्ये अमेरिकेच्या आरोग्य मंत्र्यांनी निरोगी गरोदर स्त्रियांसाठीची लशीची शिफारस काढून टाकली. तिथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने त्याला जाहीर विरोध केला आणि आपली शिफारस कायम ठेवली.