रोजच्या गाडीला रेसिंग टायर बसवावेत का?

टायर बदलायला आलेले ग्राहक, विशेषतः तरुण मंडळी, आम्हाला वरचेवर विचारतात, "शर्यतीच्या गाड्यांना असतात तसले टायर मिळतील का? पकड जास्त म्हणजे गाडी जास्त सुरक्षित, बरोबर ना?" प्रश्न रास्त आहे. शर्यतीत ताशी दोनशेच्या वेगाने वळणारी गाडी रस्ता सोडत नाही ती टायरच्याच जोरावर, हे सगळ्यांना दिसते. पण त्याचे उत्तर हवा भरता भरता दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून हे पत्रक लिहिले आहे. टायर ठरवण्याआधी दहा मिनिटे काढून जरूर वाचा.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. रोज चालवायच्या गाडीला रस्त्यासाठी बनवलेला टायरच घ्यावा, आणि परवडेल तेवढा चांगला घ्यावा. रेसिंग टायर म्हणजे त्याचाच वरचा दर्जा, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. प्रत्यक्षात ती वेगळ्याच कामासाठी बनवलेली वस्तू आहे.

पकड येते कुठून

गाडीचा एकेक टायर रस्त्याला टेकतो तो साधारण तळहाताएवढ्या जागेत. वेग घेणे, ब्रेक लागणे, वळणे, सगळे त्या चार तळहातांवर चालते. तिथे रबर दोन प्रकारे काम करते. एक तर ते रस्त्याच्या पृष्ठभागाला चिकटू पाहते. शिवाय खडीच्या बारीक उंचसखल भागात ते दबून बसते आणि सुटताना लगेच मूळ आकारात येत नाही, जरा रेंगाळते. त्या रेंगाळण्यातून घसरण्याला विरोध मिळतो. रबर मऊ असले की ही दोन्ही कामे चांगली होतात, म्हणून रेसिंग टायरचे रबर मऊ ठेवलेले असते.

मात्र हा मऊपणा टायर तापल्यावरच हाती लागतो. फॉर्म्युला वनचे कोरड्या ट्रॅकचे टायर साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास नीट काम करतात. म्हणून गाडीला लावण्याआधी त्यांच्याभोवती विजेवर तापणारी आवरणे गुंडाळतात आणि ते सुमारे ७० अंशांपर्यंत गरम करून ठेवतात. शर्यत सुटण्याआधीच्या फेरीत चालक गाडी डावीउजवीकडे हेलकावे देत नेतात, तेही टायर तापते ठेवण्यासाठीच.

आता तुमची सकाळ डोळ्यांसमोर आणा. गाडी रात्रभर उघड्यावर उभी आहे. तुम्ही ती फाटकातून बाहेर काढता, आणि पहिल्याच वळणावर सायकलवरचे एखादे मूल अचानक आडवे येते. त्या क्षणी टायर बाहेरच्या हवेइतकाच गार असतो. रस्त्यासाठीच्या टायरचे रबर अशा गार अवस्थेतही धरून ठेवेल असेच बनवलेले असते. रेसिंग टायर मात्र अजून कडक असतो, आणि कडक रबर घसरते. पुढे सिग्नलला थांबत, गर्दीतून वाट काढत तुम्ही कितीही किलोमीटर गेलात तरी तो हवा तेवढा तापत नाही; रोजच्या वेगात तेवढी उष्णताच तयार होत नाही. ज्या पकडीसाठी जास्त पैसे मोजले ती तुमच्या वाट्याला कधी येतच नाही. आमचा सगळा आग्रह या एका गोष्टीसाठी आहे.

कडाक्याच्या थंडीत तर काही ट्रॅक टायरचे रबर तडकूही शकते. गोठणबिंदूखाली गाडी हलवू नका, टायर आपटू नका, अशा सूचना अशा टायरचे उत्पादक स्वतःच देतात.

खाचा कशासाठी असतात

कोरड्या ट्रॅकसाठीचा अस्सल रेसिंग टायर पूर्ण गुळगुळीत असतो, त्याला स्लिक म्हणतात. खाच नाही म्हणजे रस्त्याला टेकणारे रबर जास्त आणि पकडही जास्त. फॉर्म्युला वनमध्ये वळणावरचे वेग कमी करायचे होते, तेव्हा १९९८ पासून टायरला मुद्दाम उभ्या खाचा पाडायला लावल्या होत्या. २००९ मध्ये स्लिक परत आले. कोरड्यात खाचांमुळे पकड कमी होते ही गोष्ट खरीच आहे, आणि ती आम्ही लपवत नाही.

पण रस्ता ओला झाला की हिशेब उलटतो. टायर पुढे जाताना समोरचे पाणी बाजूला सारावे लागते. खाचा ते पाणी आत घेतात आणि बाहेर फेकतात. खाचा नसल्या, किंवा झिजून उथळ झाल्या, तर पाण्याला जायला वाट उरत नाही. ते टायरखाली शिरते आणि टायर त्या थरावर उचलला जातो. तशा वेळी स्टिअरिंग एकदम हलके लागते, फिरवले तरी गाडी वळत नाही, ब्रेक दाबला तरी चाके नुसती पाण्यावरून सरकतात. ताशी ८० किलोमीटरच्या वेगात गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. एवढ्या वेगात असे दोन सेकंद गेले तर काय होईल, ते सांगायला नको.

जगातल्या उत्तमोत्तम चालकांनाही यातून सुटका नाही. पाऊस सुरू झाला की शर्यतीतल्या गाड्या एकामागून एक पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या टायर बदलायच्या जागेत, शिरतात, कारण स्लिकवर त्यांना ट्रॅकवर टिकता येत नाही. मग त्यांना जे पावसाळी टायर लावतात त्यांना खोल खाचा असतात. फॉर्म्युला वनला टायर पुरवणाऱ्या पिरेलीच्या आकड्यांनुसार, भर पावसासाठीचा एक टायर ताशी ३०० किलोमीटरच्या वेगात सेकंदाला ८५ लिटर पाणी बाजूला सारतो. म्हणजे जवळपास पाच बादल्या. ट्रॅकवर टायर बदलायला माणसे तयार उभी असतात. तुम्हाला घराबाहेर पडताना जो टायर लावला असेल त्याच्यावरच घरी परतायचे असते. म्हणून रस्त्याच्या टायरला ऊन आणि पाऊस, दोन्ही एकाच अंगावर झेलावे लागतात.

"मग माझे गुळगुळीत टायर का बदलायचे?"

स्लिकबद्दल सांगितले की हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणाऱ्याचे तर्कशास्त्र चुकीचे नसते. झिजलेला टायर कोरड्या रस्त्यावर बऱ्यापैकी धरतोही, म्हणून तर लोक गाफील राहतात. पण झिजून गुळगुळीत झालेला टायर म्हणजे स्लिक नव्हे. स्लिकचे रबर ताजे आणि मऊ असते. झिजलेल्या टायरवर वर्षानुवर्षे ऊन खाऊन कडक झालेला, पातळ उरलेला थर असतो. त्याच्याखाली लगेच धाग्यांचे आणि पोलादी तारांचे थर लागतात. एखादा खिळा किंवा टोकदार खडी आत पोचायला मग वेळ लागत नाही.

नव्या टायरची खाच साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल असते. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे दिसतील. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की खोली १.६ मिलिमीटर उरलेली असते. अनेक देशांच्या कायद्यात हीच शेवटची मर्यादा आहे. आमचा सल्ला त्याआधीच, ३ मिलिमीटरला बदलण्याचा असतो, कारण पाणी फेकण्याची ताकद त्याच्या बरीच आधी कमी होऊ लागते. गाडी घेऊन आलात तर खोली आम्ही मोजून देतो, टायर घेतलेच पाहिजेत असे नाही.

शर्यतीत वापरून झालेले टायर

हा मुद्दा आम्हाला विशेष काळजीचा वाटतो. शर्यतीत वापरून काढलेले टायर स्वस्तात विकायला येतात. वर रबर भरपूर दिसते, नाव मोठे असते, आणि घेणाऱ्याला वाटते, चांगला सौदा झाला. रेसिंग टायरचे आयुष्य मात्र नुसत्या झिजण्यावर मोजत नाहीत. तो एकदा पूर्ण तापून थंड झाला की रबराचा गुणधर्म थोडा बदलतो, ते थोडे कडक होते. असे काही वेळा झाले की नक्षी किंवा जाडी शिल्लक असूनही त्यातला जीव गेलेला असतो. शर्यतवाल्यांनी तो काढून टाकला त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. असा टायर आम्ही रस्त्यावरच्या गाडीला बसवून देत नाही, ग्राहकाने स्वतः आणून दिला तरी नाही. कृपया आग्रह करू नये.

अस्सल रेसिंग टायरच्या बाजूवर "रस्त्यावर वापरण्यासाठी नाही" अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर सहसा छापलेलाच असतो. तो वाचावा. अपघात झाला तर कायदा आणि विमा कंपनी दोघेही तो वाचतील.

खड्डे, वजन आणि इंधन

ट्रॅक झाडूनपुसून ठेवलेला असतो. तिथल्या टायरचे वजन वाचवण्यासाठी रबराचा थर पातळ ठेवतात, त्यामुळे खड्डा, फुटपाथची कड, पडलेला खिळा यांच्यापुढे तो टिकत नाही. बऱ्याच रेसिंग टायरवर किती वजन पेलवेल याचा आकडाही नसतो. ती गाडी हलकी आणि आत माणूस एक. तुमच्या गाडीत पाच जण आणि डिकी भरून सामान असते. शिवाय मऊ रबर फिरताना जास्त ऊर्जा गिळते, म्हणजे इंधन जास्त जाते, आणि ते झिजतेही भराभर. हवेच्या दाबाचीही अडचण आहे. तापल्यावर दाब वाढणार हे धरून ट्रॅकवर हवा कमी भरतात आणि पुन:पुन्हा मोजतात. रोजच्या धावपळीत हे कोणाकडून होणार नाही.

मधली वाट आहे

वेगाची आणि चालवण्याची आवड असणाऱ्यांना आम्ही निराश करत नाही. रस्त्यासाठीच बनवलेले, पण जास्त पकडीचे टायर मिळतात. त्यांना परफॉर्मन्स टायर म्हणतात. त्यांचे रबर जरा मऊ असते, बाजू ताठ असतात, वळताना गाडी लगेच प्रतिसाद देते, आणि खाचा पुरेशा असल्याने पावसातही भरवसा राहतो. रबरात सिलिका मिसळण्याचे तंत्र १९९० च्या दशकात रुळले, तेव्हापासून ओल्या रस्त्यावरची पकड आणि इंधनाची बचत या दोन गोष्टी एकाच टायरमध्ये बऱ्याच प्रमाणात जुळवता येऊ लागल्या. चांगल्या टायरसाठी जास्त पैसे मोजायचेच असतील तर ते इथे मोजा.

त्याच्या पुढची पायरी सेमी-स्लिक. नक्षी नावापुरती, रबर बरेच मऊ. यातले काही टायर रस्त्यावर चालवायला कायद्याने चालतात, म्हणून ग्राहक गोंधळतात. टायरच्या बाजूवर ट्रेडवेअर हा शब्द आणि एक आकडा असेल तर तो पाहा. ही अमेरिकी पद्धत आहे. प्रमाण मानलेल्या टायरला १०० धरतात, आणि ४०० चा टायर चाचणीत त्याच्या चौपट टिकतो असा अर्थ होतो. रोजच्या टायरवर बहुधा ४०० किंवा त्याहून मोठा आकडा दिसेल, सेमी-स्लिकवर २०० किंवा त्याहून कमी. आकडा उत्पादक स्वतः ठरवतो, म्हणून दोन कंपन्यांची तुलना त्यावर काटेकोर करता येत नाही, पण टायर कोणत्या जातीचा आहे ते लगेच कळते.

महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या दिवशी ट्रॅकवर जाण्याची हौस असेल, तर सेमी-स्लिक वेगळ्या रिमवर बसवून ठेवा. ट्रॅकवर चाके बदला आणि परतताना रस्त्याचे टायर चढवा. खटाटोप आहे, पण आमच्या माहितीत खरे हौशी लोक हेच करतात. एक खबरदारी मात्र घ्याच: दोन टायर एका जातीचे आणि दोन दुसऱ्या जातीचे, असे मिश्रण करू नका. पुढची चाके धरतात आणि मागची सुटतात, अशी गाडी अनुभवी हातालाही आवरत नाही.

मोटारसायकलवाल्यांसाठी हे सगळे दुपटीने लागू आहे, कारण तिथे टायर सुटला की माणूस थेट रस्त्यावर असतो. रस्त्याच्या स्पोर्ट टायरमध्ये मध्यभागी टणक आणि कडेला मऊ रबर असलेले टायर मिळतात. सरळ रस्त्यावर ते टिकतात आणि वळणावर झुकल्यावर धरतात. आमच्या मते यापुढे जायची गरज नाही.

टायर घ्यायला येताना

चालकाच्या दाराच्या चौकटीवरचा तक्ता किंवा गाडीचे पुस्तक यातला टायरचा माप-क्रमांक टिपून आणा. २०५/५५ आर १६ ९१ व्ही असे काहीतरी असेल. यात २०५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ५५ ही रुंदीच्या टक्केवारीत बाजूची उंची आणि १६ हा रिमचा इंचांतला व्यास. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो पेलवतात, आणि व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतचा वेग. वजनाचा आकडा आणि वेगाचे अक्षर, ही शेवटची दोन मापे गाडीला सांगितलेल्यापेक्षा कमी घेऊ नका, कोणी कितीही पटवले तरी. नवा म्हणून दिलेला टायर खरेच नवा आहे का तेही पाहा: बाजूवर चार अंकी शिक्का असतो, २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा.

गाडी रोज किती चालते, रस्ते कसे, पाऊस आणि थंडी किती, सहसा किती माणसे बसतात, एवढे सांगितलेत की आम्हाला योग्य टायर सुचवता येतो. फक्त दोनच बदलायचे असतील तर नवे मागे लावू, मग इंजिनची ताकद पुढच्या चाकांना मिळत असो की मागच्या, कारण मागची चाके सुटलेली गाडी सावरणे जास्त कठीण असते.

बसवून निघालात की पहिले दोन-तीनशे किलोमीटर जरा बेताने चालवा. साच्यातून काढताना लागलेला निसरडा थर टायरवर असतो, तो घासून जाईपर्यंत पूर्ण पकड येत नाही. आणि महिन्यातून एकदा, टायर गार असताना, हवा तपासून घ्या. बाहेरचे तापमान दहा अंश सेल्सिअसने उतरले की दाब साधारण दीड ते दोन पीएसआयने कमी होतो.