युद्धकाळातील तात्पुरत्या तरतुदी आणि त्यांतून घडलेला समाज : पार्श्वभूमी

युद्ध चालवायचे तर राज्यकर्त्यांना माणसे, पैसा आणि धान्य यांची सोय करावी लागते. त्यासाठी केलेल्या तरतुदी तात्पुरत्या असल्याचे प्रत्येक वेळी जाहीर होते आणि तह झाल्यावरही त्यांतील बऱ्याचशा मागे घेतल्या जात नाहीत. समाजावर युद्धाचा खोल परिणाम शोधायचा असेल, तर लढायांच्या निकालांपेक्षा या रेंगाळलेल्या तरतुदींकडे अधिक बारकाईने पाहावे लागते.

प्राचीन काळातील ठळक उदाहरण चीनमधील छिन राज्याचे आहे. इसवी सनपूर्व चौथ्या शतकात तेथे कुटुंबांची नोंदणी झाली, त्यांचे गट पाडून परस्परांच्या वर्तनाची जबाबदारी एकमेकांवर टाकण्यात आली आणि रणांगणावरील कामगिरीनुसार सामाजिक दर्जा ठरू लागला. इसवी सनपूर्व 221 मध्ये चीन एका सत्तेखाली आला. छिन घराणे लवकरच लयाला गेले, पण नोंदणीची पद्धत पुढच्या राजवटींनी उचलली.

यानंतरचा मोठा टप्पा 23 ऑगस्ट 1793 रोजीच्या फ्रान्समधील हुकुमाचा. तरुणांनी लढावे, विवाहित पुरुषांनी शस्त्रे घडवावीत, स्त्रियांनी तंबू व कपडे शिवावेत, मुलांनी जुन्या कापडापासून जखमांवर लावण्याचे धागे काढावेत आणि वृद्धांनी चौकात जाऊन लढणाऱ्यांचे मनोबल वाढवावे, अशी कामांची वाटणीच त्यात होती. घरातील एकही माणूस या यादीतून सुटला नव्हता. पैशाच्या बाबतीत ब्रिटनने 1799 मध्ये फ्रान्सविरुद्धच्या युद्धासाठी प्राप्तिकर बसवला. तो लोकांना इतका नकोसा होता की 1816 मध्ये रद्द करताना त्याच्या नोंदी नष्ट करण्याचा आदेशही निघाला. 1842 मध्ये मात्र ऐन शांततेच्या काळात तो परत आला. त्याचा मूळ दर 1914 मध्ये सुमारे 6 टक्के होता, तो 1918 पर्यंत 30 टक्क्यांवर पोहोचला आणि युद्धानंतर पूर्वीच्या पातळीवर उतरला नाही. अमेरिकेत यादवी युद्धातील सैनिक व त्यांच्या विधवा यांच्या निवृत्तिवेतनावर 1890 च्या दशकात केंद्र सरकारच्या एकूण खर्चाचा सुमारे 40 टक्के भाग जात होता.

पहिल्या महायुद्धाच्या संदर्भात सर्वाधिक वाद ब्रिटनमधील 1918 च्या मताधिकार कायद्यावरून होतो. स्त्रियांनी युद्धात केलेल्या कामाचे बक्षीस म्हणून त्यांना मत मिळाले, असे सर्रास लिहिले जाते. कायद्याची जन्मकथा वेगळी आहे. त्या काळी मतदारयादीत नाव येण्यासाठी पुरुषाला एकाच पत्त्यावर किमान 12 महिने राहिल्याचे दाखवावे लागे. आघाडीवर गेलेले सैनिक आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांसाठी गाव सोडून गेलेले कामगार या अटीमुळे मताला मुकणार होते. शिवाय सैन्यात गेलेल्या कित्येकांना युद्धापूर्वीही मत नव्हते, कारण ते घरमालकी व भाड्याच्या अटींत बसत नव्हते. देशासाठी लढणाऱ्याला मत नाकारणे कोणत्याही पक्षाला परवडणारे नव्हते. त्यामुळे यादीचे नियम मुळापासून बदलणे भाग पडले आणि एकदा तो विषय निघाल्यावर स्त्रियांचा प्रश्न बाजूला ठेवणे अशक्य झाले. मतासाठीची चळवळ त्याआधी कित्येक दशके चालू होती, हेही विसरता येत नाही.

6 फेब्रुवारी 1918 रोजी मंजूर झालेल्या या कायद्याने 21 वर्षांवरील जवळपास सर्व पुरुषांना मत दिले; युद्धात सेवा केलेल्यांसाठी ही मर्यादा 19 वर्षांवर आणली. विवेकाच्या कारणावरून लढण्यास नकार देणाऱ्यांचे मत मात्र 5 वर्षांसाठी काढून घेण्यात आले. स्त्रियांसाठी वयाची अट 30 वर्षांची होती आणि त्या स्वतः किंवा त्यांचे पती मालमत्तेच्या अटीत बसणे सर्वसाधारणपणे आवश्यक होते. ही 30 वर्षांची मर्यादा कोणत्याही तत्त्वातून आली नव्हती. स्त्री मतदारांची संख्या पुरुषांपेक्षा अधिक होऊ नये, एवढाच तिचा हिशेब होता. परिणामी सुमारे 84 लाख स्त्रियांना मत मिळाले आणि एकूण मतदार 77 लाखांवरून सुमारे 2 कोटी 14 लाखांवर गेले. परंतु कारखान्यांत स्फोटके भरताना ज्यांची कातडी रसायनांनी पिवळी पडली, त्या कामगार स्त्रिया बहुतांशी विशी-पंचविशीतल्या होत्या आणि कायद्याने त्यांनाच वगळले. बक्षिसाची उपपत्ती इथे टिकत नाही. उलट 1919 मध्ये युद्धपूर्व कामाच्या पद्धती पुन्हा लागू करणारा कायदा आला आणि अनेकींना परतलेल्या पुरुषांसाठी जागा सोडावी लागली. पुरुषांच्या बरोबरीने मत मिळण्यास 1928 उजाडले.

इतर देशांकडे पाहिले तरी युद्ध आणि स्त्री-मताधिकार यांचे नाते सरळ दिसत नाही. न्यूझीलंडने 1893 मध्ये, फिनलंडने 1906 मध्ये आणि नॉर्वेने 1913 मध्ये महायुद्धाविनाच हा निर्णय घेतला होता. फ्रान्समधील स्त्रियांनी युद्धकाळात शेती आणि कारखाने सांभाळले, तेथील कनिष्ठ सभागृहाने 1919 मध्ये प्रस्ताव मंजूरही केला, पण वरिष्ठ सभागृहाने 1922 मध्ये तो फेटाळला आणि मत मिळाले ते 1944 मध्ये. वसाहतींच्या वाट्याला याहूनही कमी आले. भारतातून सुमारे 13 लाख माणसे या युद्धासाठी गेली. मार्च 1919 मध्ये त्या देशाला मिळाला तो युद्धकाळातील दडपशाहीचे अधिकार पुढे चालू ठेवणारा कायदा.

दुसऱ्या महायुद्धात राज्यसंस्था स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली. ब्रिटनमध्ये 8 जानेवारी 1940 रोजी शिधावाटप सुरू झाले, तेव्हा माणशी आठवड्याला सुमारे 113 ग्रॅम लोणी आणि 340 ग्रॅम साखर मिळत असे. श्रीमंत-गरिबांना सारखाच शिधा, ही कल्पना शांततेत कुणी मांडली असती तर तिला क्रांतिकारक म्हटले गेले असते. गंमत अशी की पावावर युद्धात कधीच शिधावाटपाचे बंधन नव्हते. ते आले 1946 मध्ये, विजयानंतर, आणि संपूर्ण शिधावाटप संपायला 1954 चा जुलै यावा लागला. डिसेंबर 1942 मध्ये सामाजिक विम्याचा व्यापक आराखडा प्रसिद्ध झाला आणि 5 जुलै 1948 रोजी सर्वांसाठी आरोग्यसेवा सुरू झाली, ती याच वातावरणात.

अन्नाच्या या समान वाटपाचे कौतुक करणाऱ्या लेखनात त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाचा उल्लेख क्वचितच येतो. जपानी फौजेच्या हाती पडू नयेत म्हणून 1942 मध्ये बंगालच्या किनारी भागातील हजारो होड्या सरकारने काढून घेतल्या आणि तांदळाचे साठेही हलवले. होडीवर ज्यांची मासेमारी, शेती आणि बाजार चालत होता त्यांचे जगण्याचे साधनच गेले. पुढच्या वर्षीच्या दुष्काळात किमान 20 लाख माणसे दगावली, असे बहुतेक अंदाज सांगतात. त्या दुष्काळाची कारणे अनेक आहेत; तरी युद्धनीतीने केलेली निवड त्यांतून वजा करता येत नाही.

ओळखपत्रांचा इतिहासही याच मालिकेतला. सप्टेंबर 1939 मध्ये ब्रिटनने प्रत्येक रहिवाशाची नोंद करून क्रमांक असलेले ओळखपत्र दिले. युद्ध संपूनही ही ओळखपत्रे चालूच राहिली. 1950 मध्ये लंडनजवळ एका मोटारचालकाने पोलिसाला ओळखपत्र दाखवण्यास नकार दिला, प्रकरण न्यायालयात गेले. चालक दोषी ठरला, पण युद्धासाठी केलेल्या कायद्याचा असा सरसकट वापर करण्यावर न्यायाधीशांनी टीका केली. फेब्रुवारी 1952 मध्ये ओळखपत्रे रद्द झाली. त्यांवरचे क्रमांक मात्र तोपर्यंत आरोग्यसेवेने रुग्णनोंदीसाठी स्वीकारले होते आणि 1990 च्या दशकात नवे क्रमांक येईपर्यंत ते वापरात राहिले.