लाकडी कठडा : कोकणातील निगा व दुरुस्ती

कोकणातील जुन्या घरांत माडी, सज्जा आणि पडवी यांच्या उघड्या कडेला बसवलेली, उभे खांब, आडव्या पट्ट्या व मधले गज अशी लाकडी रचना. मुंबईतील जुन्या चाळींच्या सामाईक गॅलऱ्यांनाही असेच कठडे आहेत. किनारपट्टीवर वर्षाला साधारण २,५०० ते ३,५०० मिमी पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कठडा डुगडुगू लागला की खापर दमट हवेवर फुटते. ते अर्धेच खरे आहे.

लाकडातील ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांखाली असेल, तर कुजवणारी बुरशी त्यात वाढत नाही. जोमाने वाढायला तिला ३० टक्क्यांच्या आसपास ओल लागते. आषाढात हवेची सापेक्ष आर्द्रता ८५ ते ९० टक्के असली तरी छपराखालचे, पावसात न भिजणारे लाकूड १८ ते २० टक्क्यांवर स्थिरावते. म्हणजे नुसत्या हवेने कठडा कुजत नाही. त्याला वरून पाणी लागते आणि ते साचायला जागा लागते. पाणी येते झडीने आणि फुटक्या कौलांतून. साचते ते खांबाच्या बुडाशी, तो तुळईत किंवा जोत्याच्या चिऱ्यात बसवलेला असतो त्या खाचेत. खांबाच्या कापलेल्या टोकाला लाकडाच्या बारीक नळ्या उघड्या असतात, त्यांतून पाणी वर ओढले जाते. म्हणूनच वरची पट्टी काळवंडूनही टणक राहते आणि खांब मात्र बुडाशी भुसभुशीत होतो. जमिनीलगतच्या पडवीत याच वाटेने वाळवीही चढते.

ढिलेपणाचे दुसरे कारण कुजण्याशी संबंधित नाही. पावसाळ्यात खांबाचे कुसू, म्हणजे खाचेत बसणारे टोक, आडव्या अंगाने फुगते, पण खाचेत जागा नसल्याने त्याचे तंतू चेपले जातात. ऊन पडल्यावर ते आकसते, ते मूळ मापापेक्षाही बारीक होऊन. अशी काही वर्षे गेली की सांध्यात फट दिसू लागते. साग इतर लाकडांच्या मानाने कमी फुगतो, त्याचा इथे खरा फायदा. या फुगण्यामुळे एक फसगतही होते : वैशाखात हलणारा कठडा श्रावणात घट्ट वाटतो. तेव्हा तपासणी उन्हाळ्यातच करावी. खांब धरून आतबाहेर हलवावा, पेचकसाचे टोक बुडाशी दाबून पाहावे. ते सहज आत गेले तर खांब कुजला आहे. लाकूड टणक असूनही खांब हलत असेल तर फक्त सांधा सैल आहे. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

सरसकट केला जाणारा उपाय म्हणजे आणखी एक खिळा. तो महिना-दोन महिने टिकतो. ९० सेंमी उंचीवर कोणी रेलला आणि सांधा ९ सेंमी खोल असला, तर तरफेच्या हिशेबाने सांध्यावर सुमारे दहापट जोर येतो. तिरका ठोकलेला खिळा तिथे काय धरणार? शिवाय खिळ्याचे भोक ही पाण्याला नवी वाट. ओल्या लाकडात लोखंड गंजते, गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि लाकूड चिरते. खिळ्याभोवतीचा काळा डाग हा गंज आणि लाकडातील टॅनिन हे तुरट द्रव्य यांच्या संयोगाचा असतो.

सांधा केवळ सैल असेल तर तो उकलून, सुकवून, कुशाच्या टोकाला उभा चीर देतात. त्यात सागाची पातळ पाचर अर्धवट घालून खांब परत ठोकला की पाचर आत दबते आणि कुसू खाचेत फाकते. काम मार्च ते मे मध्येच करावे. मात्र सुकलेले लाकूड ठासून भरू नये, पावसात फुगले की खाचच फुटते. बूड कुजले असेल तर टणक लाकूड लागेपर्यंत खांब कापून लांब तिरकस सांध्याने नवा तुकडा जोडतात. तो सागाच्या गाभ्याचा हवा. बाहेरचे पांढरट लाकूड साग म्हणून विकले जात असले तरी लवकर कुजते. आरपार बोल्ट घालायचा तर समुद्राजवळ ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टील घ्यावे. स्वस्त ३०४ ला खाऱ्या हवेत डाग आणि खड्डे पडतात.

जुन्या पद्धतीत लाकडाला काजूच्या टरफलाचे तेल लावत. ते वाळवीला दूर ठेवते, पण कातडी भाजते, म्हणून हातमोजे हवेत. तैलरंग दिसायला छान, पण ओल्या लाकडावर दिला तर त्याचे फोड येतात आणि आतली ओल बाहेर पडत नाही. माझ्या मते रंगापेक्षा वरच्या पट्टीला बाहेरच्या बाजूस दिलेला उतार आणि खालच्या पट्टीखाली सोडलेली बोटभर फट जास्त उपयोगी. पावसाळ्यात कठड्याबाहेर झावळ्यांची झापे बांधण्याची रीतही याच कारणाने टिकून आहे, हल्ली त्यांच्या जागी ताडपत्री आली एवढेच.

जुने कठडे बहुधा बसून रेलण्याच्या बेताचे, ठेंगणे असतात. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे उंची किमान १ मीटर हवी. म्हणून पुष्कळ ठिकाणी जुन्या पट्टीवर पाइप चढवतात. त्याने तरफ लांबते आणि बुडाच्या सांध्यावरचा ताण वाढतो, तेव्हा पाइपची टोके दोन्हीकडच्या भिंतींत पक्की करावी लागतात.