‘सीझन’ या शब्दाचा घोळ आणि ॲनिमेची तुलना : थोडी पार्श्वभूमी

"फुलमेटल अल्केमिस्ट बघायचंय, २००३ वालं की ब्रदरहूड?" हा प्रश्न ॲनिमेच्या, म्हणजे जपानी ॲनिमेशनच्या, चाहत्यांत कुणी टाकला की पुढचा अर्धा तास गेलाच समजा. एक जण म्हणणार सरळ ब्रदरहूड लाव, दुसरा म्हणणार अरे आधी जुनं बघ, सुरुवातीची माणसं त्यातच नीट कळतात. आणि दोघांचंही बरोबर असतं. २००३ मधे ५१ भागांची मालिका आली तेव्हा मूळ मांगा (जपानी कॉमिक) अर्ध्यावरही आला नव्हता, म्हणून पुढची गोष्ट मालिकावाल्यांनी स्वतःच रचली, मग २००९ मधे ६४ भागांचं ब्रदरहूड आलं ते मांगाला धरून, पण सुरुवात सगळ्यांनी बघितलेलीच आहे असं समजून पहिल्या टप्प्यातून जे धावत सुटलं ते सुटलंच. इथं निदान भांडण कशावर आहे ते तरी कळतं. बाकीच्या बहुतेक वादांत तेही कळत नाही, कारण आपण कशाला कशाच्या शेजारी ठेवून मोजतोय हेच ठरलेलं नसतं. अख्खी मालिका, एक सीझन, बारा भागांचा तुकडा, की तो एक गाजलेला एपिसोड?

हा गोंधळ आजचा नाही, पण फार जुनाही नाही. १९६३ च्या १ जानेवारीला ॲस्ट्रो बॉय जपानी टीव्हीवर सुरू झालं, दर आठवड्याला अर्धा तास, एकूण १९३ भाग, आणि तेव्हा सीझन वगैरे काही नव्हतं, चालतंय तोवर चालवायचं आणि लोक बघायचे थांबले की गुंडाळायचं. १९७९ चं गंडम तसंच गुंडाळलं, ठरलेल्यापेक्षा आधीच, ४३ भागांवर. त्याआधी १९७४ चं यामातोसुद्धा २६ भागांत आटोपलं. दोन्ही नंतर पुन्हा दाखवली तेव्हा डोक्यावर घेतली गेली, म्हणजे "तेव्हा कुणी बघितलं नाही, पण तू बघच" ही शिफारस ॲनिमेच्या जगात तेव्हापासूनची आहे.

त्याच काळात, १९७८ मधे, जपानमधे एक मासिक निघालं आणि पुढच्याच वर्षी त्यांनी वाचकांचं मतदान सुरू केलं. यात मजेची गोष्ट अशी की लोक नुसतं मालिकेला मत देत नव्हते, आवडतं पात्र कोण, आवाज कुणाचा भारी, गाणं कुठलं, आणि कुठला एपिसोड सगळ्यात चांगला यावरही वेगवेगळी मतं पडायची. दहापैकी किती असलं काही नव्हतं. मला विचाराल तर ती पद्धत आपल्या आजच्या आकड्यांपेक्षा शहाणी होती, पण असो.

जपानबाहेर १९७७ पासून लॉस एंजेलिसच्या आसपास चाहत्यांचा क्लब जमायला लागला. व्हिडिओ कॅसेट, सबटायटल नाही, भाषा येत नाही, म्हणून कुणीतरी गोष्टीचा गोषवारा टाइप करून त्याच्या झेरॉक्स वाटायचा आणि बाकीचे तो मांडीवर ठेवून बघायचे. मग ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे घरच्या कॉम्प्युटरवर सबटायटल चढवायची सोय झाली आणि फॅनसब, म्हणजे चाहत्यांनीच सबटायटल घातलेल्या कॅसेट, सुरू झाले. ते करणाऱ्यांना कोरी कॅसेट आणि परतीचं टपाल पाठवायचं, मग कॉपीची कॉपीची कॉपी यायची, रंग उडालेली. तेव्हा शिफारस म्हणजे जबाबदारी होती, कारण समोरच्याचे काही आठवडे आणि एक कॅसेट त्यात जायची. आणि मिळेल ते बघायचं असल्यामुळं तुलनाही मोघमच, दोन मालिका पूर्ण बघितलेला माणूस म्हणजे जाणकार.

आता मूळ मुद्दा. १९९५-९६ मधे इव्हँजेलिऑन आलं, २६ भाग, संध्याकाळच्या वेळेला. नंतर ते मध्यरात्री पुन्हा दाखवलं तर तिथंही भरपूर बघितलं गेलं, आणि रात्री उशिराच्या स्लॉटमधे मोठ्यांसाठीची छोटी मालिका चालते हे लोकांच्या ध्यानात आलं. मग पैसे घालणाऱ्या कंपन्यांची समिती करायची, बारा-तेरा भाग काढायचे, डीव्हीडी विकून वसूल करायचं, जमलं तर पुढचे बारा. ही चाल रुळली तसं मोजमापच बदललं. आधी ‘मालिका’ हा एक सलग प्राणी होता, आता तो तुकड्यातुकड्यानं यायला लागला. आणि या तुकड्याला काय म्हणायचं इथं खरी गंमत झाली.

जपानीत यासाठी एक नाही, निदान तीन गोष्टी आहेत. एक ‘कूर’, म्हणजे टीव्हीचा तीन महिन्यांचा स्लॉट, अकरा ते तेरा भाग. वर्षाला असे चार, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरला सुरू होणारे. दुसरं ‘कि’, म्हणजे त्या मालिकेची कितवी खेप, ‘निकी’ म्हटलं की दुसरी खेप, मग ती बारा भागांची असो की पन्नास. आणि तिसरं म्हणजे नुसता ऋतू, की बाबा या हिवाळ्यात काय काय येतंय. इंग्रजीतून बोलणाऱ्या चाहत्यांनी या तिन्हींवर एकच टोपी घातली, सीझन. त्यात अमेरिकन टीव्हीचा सीझन म्हणजे साधारण शरद ते वसंत, वर्षाला एक, तो अर्थ डोक्यात आधीपासून बसलेला. त्यामुळं "या सीझनचं सगळ्यात भारी काय" आणि "दुसरा सीझन पहिल्यापेक्षा भारी" या दोन वाक्यांतला सीझन वेगळा आहे हे बोलणाऱ्यालाही कळत नाही.

विकणाऱ्यांनी त्यात भर घातली. ड्रॅगन बॉल झीचे २९१ भाग जपानमधे १९८९ ते १९९६ सलग चालले, त्याला सीझन नव्हतेच, पण अमेरिकेत डीव्हीडीचे डबे निघाले तेव्हा त्याचे नऊ सीझन केले. डब्यात मावतील तेवढे. आज कुणी "झीचा तिसरा सीझन बघ" म्हणतो तेव्हा तो खरं तर एका डब्याची शिफारस करतोय.

आणि अटॅक ऑन टायटन तर या घोळाचा कळसच. पहिला सीझन २०१३, २५ भाग. दुसरा चार वर्षांनी, १२ भाग. तिसरा २०१८ मधे १२ आणि २०१९ मधे १०, पण दोन्ही मिळून तिसराच. मग ‘फायनल सीझन’ डिसेंबर २०२० मधे सुरू झाला, २०२२ मधे त्याचा दुसरा तुकडा आला, मार्च २०२३ मधे लांबलचक स्पेशल, आणि नोव्हेंबर २०२३ मधे शेवटचा खरोखर शेवटचा स्पेशल. शेवटचा सीझन जवळजवळ तीन वर्षं चालला! यात "चौथ्या सीझनला किती देशील" विचारलं तर माणसानं नक्की कशाला मार्क द्यायचे?

इथंच तो निर्णय येतो ज्यावर अजून लोक वाद घालतात. २००० नंतरच्या दशकात चाहत्यांनी चालवलेले मोठे डेटाबेस उभे राहिले, काय बघितलं, कितव्या भागावर आहे, दहापैकी किती, अशी यादी ठेवायची सोय. त्यातल्या सगळ्यात मोठ्यानं, मायॲनिमेलिस्टनं, ठरवलं की प्रत्येक खेपेला वेगळी नोंद. याला कारण होतं, उगाच नाही. जपानमधे नवी खेप बहुतेक वेळा नवीन नावानं येते, कधी स्टुडिओही बदललेला असतो, भागांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, मग ती जुन्या नोंदीत कशी कोंबणार? माहिती नीट ठेवायची तर हेच सोयीचं, हे मान्य. पण त्याच नोंदीवर मार्क लावले, मार्कांवरून क्रमवारी लावली, आणि क्रमवारी म्हणजेच शिफारस असं लोकांनी धरलं. सगळं बिनसलं ते इथं.

कारण साधं आहे. पहिला सीझन कोण बघतं? सगळे, आवडणारे, न आवडणारे, मित्रानं गळ घातली म्हणून बसलेले. दुसरा कोण बघतं? ज्यांना पहिला आवडला ते. तिसरा कोण बघतं? जे आता भक्त झालेत ते. नाक मुरडणारे गळत जातात आणि सरासरी चढत जाते, मालिका तेवढीच चांगली राहिली तरी. कोड गिआसचं दुसरं पर्व पहिल्याच्या वर, टायटनच्या तिसऱ्या सीझनचा दुसरा तुकडा पहिल्या सीझनच्या बराच वर, आणि गिंतामाचं तर बोलायलाच नको, एक काळ असा होता की पहिल्या दहांत त्याच्याच तीन-चार नोंदी बसलेल्या. म्हणजे जो नवीन माणूस ‘सगळ्यात भारी’ यादी उघडून वरून खाली जाणार, त्याला सुरुवात न बघितलेल्या गोष्टींचे शेवट सुचवले जाणार. याउलट स्टाइन्स गेट २०११ मधे २४ भाग सलग दाखवून मोकळं झालं, म्हणून त्याची सुरुवात ज्याला कंटाळवाणी वाटली (आणि ती खूप जणांना वाटते) त्याचेही मार्क त्याच एका नोंदीत. फेट झीरो साधारण तेवढंच, २५ भाग, पण मधे तीन महिन्यांची सुट्टी घेतली म्हणून त्याच्या दोन नोंदी. सुट्टी घेतली म्हणून फायदा, हा कुठला न्याय?

उलट बाजू मांडणारेही आहेत. ते म्हणतात सगळं एकत्र केलं तर चांगला पहिला सीझन आणि फसलेला दुसरा यांची खिचडी होईल, आणि दुसरा बघू नको हे सांगायची सोयच जाईल. बरोबर आहे. पण मग क्रमवारी तरी वेगळी लावा.

मार्कांचं आणखी एक. दहापैकी ५ म्हणजे ‘साधारण’ असं तिथं लिहिलेलंच आहे, ७ म्हणजे ‘चांगलं’. प्रत्यक्षात कुणीही ७ ऐकलं की चेहरा पाडतं, आणि ५ म्हणजे शिवीच. कारण जे आवडेल असं वाटतं तेच माणूस लावतो, आणि आवडलं नाही तर अर्ध्यात सोडून मार्क न देताच निघून जातो. दुसऱ्या एका साइटनं यावर शंभरपैकी, पाच तारे, नुसते तीन चेहरे असे पर्याय दिले, ज्याला जे हवं ते घ्या. तीन चेहरे मला फार आवडतात. हसरा, मधला, रडका. मित्र विचारतो तेव्हा आपण तेवढंच तर सांगतो.

आकडा आला की मारामारीही आली. ब्रदरहूड वर्षानुवर्षं पहिल्या नंबरवर, आणि त्याच्या जवळ कुणी पोचलं की दोन्हीकडचे चाहते एकमेकांच्या मालिकेला दहापैकी १ देत सुटायचे. साइटवाल्यांनी मग वजन लावलेली सरासरी आणली, निदान पाचवा हिस्सा बघितल्याशिवाय मार्क धरायचे नाहीत असं केलं, खोटी खाती उडवली. २०२३ च्या शेवटी फ्रीरेननं ब्रदरहूडला खाली ढकललं, तेही मालिका अर्धी झालेली असताना, आणि तेव्हाची जुन्या लोकांची चिडचिड बघण्यासारखी होती.

दरम्यान कुठल्या क्रमानं बघायचं हे वेगळंच शास्त्र झालं. त्याचं बरंच श्रेय, किंवा दोष, हारुही सुझुमियाला. २००६ मधे त्याचे १४ भाग मुद्दाम उलटसुलट क्रमानं दाखवले, पहिलाच भाग म्हणजे गोष्टीतल्या पोरांनी काढलेला हौशी टुकार सिनेमा, तो बघून कितीतरी जण पळाले असतील. २००९ मधे तीच मालिका काळाच्या क्रमानं लावली आणि मधेमधे नवीन १४ भाग घातले, त्यातले आठ आठवडे तेच दिवस तेच प्रसंग, फक्त कपडे वेगळे, कॅमेरा वेगळा, आवाज पुन्हा रेकॉर्ड केलेले. आजही कुणी हारुही सुचवतो तेव्हा पुढचं वाक्य ठरलेलं, "पण ते आठ भाग... पहिला बघ, शेवटचा बघ." आणि शेजारी एक जण ओरडणार, आठही बघ, त्याशिवाय त्रास कळत नाही! मी दुसऱ्या गटात. का ते विचारू नका.

‘तीन भागांचा नियम’ही असाच. तीन भाग बघ, मग सोड. नियम आधीपासून होता, पण २०११ च्या मादोका माजिकाच्या तिसऱ्या भागानं त्यावर शिक्का मारला, कारण गोष्ट तिथंच एकदम उलटते. हा नियम बारा भागांच्या जगातच चालतो, पाव हिस्सा बघून ठरवतोय म्हणून. वन पीसचे हजाराच्या वर भाग झालेत, तिथं तीन भाग म्हणजे दाराची कडी वाजवल्यासारखं. तिथली शिफारस "शंभरपर्यंत थांब" अशी असते आणि नारुतोसाठी फिलरची, म्हणजे भरतीच्या भागांची, यादी सोबत जोडून, कारण २२० भागांतले शेवटचे ऐंशीच्या आसपास मूळ मांगात नाहीतच.

२००९ पासून जपानमधे दाखवल्यावर काही तासांत सबटायटलसकट बाहेरही बघायला मिळायला लागलं, आणि शिफारशीचं आयुष्य आठवड्याचं झालं. दर तीन महिन्यांनी चाळीस-पन्नास नव्या मालिका, त्यांचा तक्ता, त्यात खुणा, शुक्रवारचं काय, शनिवारचं काय. जुनं सुचवायला वेळच उरत नाही. डीमन स्लेयरच्या वेळी तर आणखी गंमत, २०२० चा सिनेमा पुढच्या वर्षी कापून टीव्हीचे सहा भाग केले आणि आधी एक नवीन भाग जोडला, आता तो सिनेमा आहे की सीझन, आणि सुचवताना दोन्ही सांगायचे की एक? माझं उत्तर सिनेमा, पण यादीत दोन्हीला वेगळे मार्क आहेत.

परवाच एकानं विचारलं, गिंतामा कुठून सुरू करू, यादीत सगळ्यात वर जे आहे तेच लावू ना? त्याला सांगितलं, नाही रे बाबा, त्याच नावाच्या नोंदी शोधत खाली खाली जा, २००६ चं पहिलं सापडेल, २०१ भाग आहेत, ते लाव.